न फाटलेल्या चिठ्ठ्या

दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेरच्या खोलीत पाच खुर्च्या, मावशींचं टेबल आणि भिंतीला ठोकलेली एक लाकडी पेटी. आतल्या खोलीत डॉक्टर. या डॉक्टर सुया टोचणाऱ्या नव्हेत, व्यायाम शिकवून दुखणं बरं करणाऱ्या. आणि त्यांच्याकडे यायची ती दुखणीही अशी, की ती सांगताना माणूस आधी दार लागलंय का ते बघतो. कुणाला खोकला आला की लघवी सुटायची, कुणाला बाळंतपण होऊन वर्ष झालं तरी धड बसवत नव्हतं, कुणा आजोबांना ऑपरेशननंतर दिवसातून तीनदा पँट बदलावी लागायची.

म्हणून ती पेटी. आल्यावर कुणी काही बोलायचं नाही. टेबलावरचा कागद घ्यायचा, काय होतंय ते लिहायचं, घडी करायची, पेटीत टाकायची. मावशी कुलूप उघडून घडी न मोडता ती चिठ्ठी आत नेऊन देत.

किल्ली मावशींकडे का, याचीही गोष्ट आहे. मावशी इथे आल्या त्या फरशी पुसायला, आणि तेव्हा त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. डॉक्टरांनी किल्ली त्यांच्याकडे दिली ती त्याचसाठी. लोकही खुशाल म्हणत, "टाका हो बिनधास्त, मावशींना कुठे वाचता येतंय!" मावशींना त्याचं वाईट वाटत नसे. न येण्याचा उपयोग होणारी ती एकच जागा होती.

पुढे त्यांना सेहेचाळिसावं वर्ष लागलं आणि डॉक्टरांनीच दुपारच्या सुट्टीत त्यांना अक्षरं शिकवली. औषधांच्या खोक्यांवरून, दाराच्या पाटीवरून, जुन्या वर्तमानपत्रांवरून. एके दिवशी मावशी टेबलाशी पेपर वाचत बसल्या होत्या, ओठ हलवत, बोट फिरवत. समोर बसलेल्या बाईने ते पाहिलं आणि पेटीत टाकायला आणलेली चिठ्ठी गुपचूप पर्समध्ये सरकवली. मावशींच्या जिव्हारी लागलं. त्याच दिवसापासून त्यांनी नवा रिवाज पाडला. डॉक्टरांचं वाचून झालं की चिठ्ठी बाहेर आणायची, निघालेल्या पेशंटसमोर धरायची, चार तुकडे करायचे आणि म्हणायचं, "फाडली बरं का." मग तो माणूस जिना उतरायचा.

बारा वर्षं हे तीन शब्द त्यांनी हजारदा उच्चारले असतील. एकदाही खोटे नव्हते.

मग वेबसाइट आली. लांबचे लोक फोन करत आणि फोनवर अडखळत. घरात कुणी ऐकेल म्हणून संडासात जाऊन बोलत. डॉक्टर म्हणाल्या, "पेटी वेबसाइटवर ठेवू. घरबसल्या चिठ्ठी टाकता येईल." वेबसाइट कशी दिसावी ते डॉक्टरांनी ठरवलं. ती ठेवायची कुठे, म्हणजे होस्टिंग कुणाचं घ्यायचं, हे मात्र त्यांनी मावशींवर सोपवलं.

"मी?" मावशी म्हणाल्या. "मला त्यातलं काय कळतंय?"

"कम्प्युटरचं मलाही कळत नाही. पण चिठ्ठी कशी सांभाळायची हे तुमच्याइतकं कुणाला कळतंय? पेटी तुमची, तिची जागा तुम्ही निवडा."

मावशी त्या रात्री घरी गेल्या त्या जमिनीपासून दोन बोटं वरूनच चालत गेल्या.

दवाखान्यांच्याच वेबसाइट सांभाळणारी एक कंपनी होती. तिच्या माणसाने आधी एक कागद पाठवला. सतरा प्रश्न. मावशींनी चष्मा लावला आणि पहिला वाचला. मग पुन्हा वाचला. अक्षरं सगळी ओळखीची होती, पण शब्द म्हणून काही केल्या जुळेनात. सर्व्हर, एन्क्रिप्शन, बॅकअप, ॲक्सेस. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, मागच्या बाजूला काही सोपं लिहिलंय का म्हणून. मागची बाजू कोरी.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा फोन आला. आवाज तरुण, बोलणं सावकाश.

"मावशी, फॉर्ममधून आलेली माहिती मेलने हवी, की सर्व्हरवरच ठेवून लॉगिन करून बघणार?"

"हो," मावशी म्हणाल्या.

"हो म्हणजे कोणतं?"

"दोन्ही."

तो हसला. वाईट हसला नाही. घरातलं कुणी हसावं तसा हसला. पण बाहेरच्या खोलीत तीन पेशंट बसले होते आणि मावशींना वाटलं, तिघांनीही ऐकलं. कानाच्या पाळ्या तापल्या.

"बरं, डिलीट कोण करणार?" त्याने विचारलं. "आणि कुठून कुठून? कारण एका जागी पुसलं तरी—"

"ते आम्ही बघू," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

संध्याकाळी त्या जावयाच्या दुकानी गेल्या. जावई पाट्या आणि बॅनर छापत असे, आणि जोडीला लोकांच्या वेबसाइट करून देई.

"आई, होस्टिंगचा कसला एवढा बाऊ करता?" तो म्हणाला. "वेबसाइट म्हणजे दुकान, होस्टिंग म्हणजे गाळा. माझ्याकडे साठ गाळे भरलेत. सोफा दुरुस्तीवाला आहे, चष्मेवाला आहे, ड्रायव्हिंग स्कूल आहे. तुमचं एकसष्टावं मांडतो. तुम्ही नुसतं बघा."

"काही प्रश्न नाहीत ना तुमचे?"

"मी कुठला तुम्हाला प्रश्न विचारतोय! मुलगी दिलीत तेव्हा तुम्ही तरी कुठे विचारलेत?"

मावशी हसल्या. खरं सांगायचं तर त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. त्यांनी गाळा निवडला नाही. ज्याने काही विचारलं नाही, त्याला निवडलं.

डॉक्टरांना त्या म्हणाल्या, "कंपनीला सगळं विचारून पाहिलं. नीट उत्तरंच देत नाहीत. आपले जावई बरे, डोळ्यांसमोर तरी आहेत."

"तुम्ही विचारलंत ना सगळं? मग झालं," डॉक्टर म्हणाल्या, आणि पेशंटला आत बोलावलं.

सतरा प्रश्नांचा कागद मावशींनी टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या पट्ट्यांच्या डब्याखाली घातला.

आठ महिने सगळं छान चाललं. वेबसाइटवर चिठ्ठी टाकली की ती मेलने मावशींच्या कम्प्युटरवर यायची. मावशी ती न उघडता डॉक्टरांकडे पाठवत. डॉक्टरांचं वाचून झालं की दोघी आपापल्या मेलमधून ती पुसत. पुसण्याचं बटण दाबलं की कागद चुरगाळल्यासारखा बारीक आवाज येई. मावशींना तो फार आवडायचा. पेशंट जायला निघाला की त्या जुन्या सवयीने म्हणत, "फाडली बरं का."

एका मंगळवारी सकाळी गाण्याच्या बाई आल्या. शेजारच्या रस्त्यावर त्यांचा वर्ग होता; वय पंचेचाळीस, पाठ ताठ. वरच्या पट्टीत गेलं की आवाजाबरोबर आणखीही काही सुटतं, हे त्यांचं दुखणं, आणि महिन्याभराच्या व्यायामाने त्यांना चांगला गुण आला होता. पहिली चिठ्ठी त्यांनी वेबसाइटवरूनच टाकली होती. त्या दिवशी त्यांची वेळ नव्हती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी त्या बसल्या नाहीत. त्यांनी फोन मावशींपुढे धरला.

"वाचा."

मावशींनी चष्मा शोधला. बाईंचं नाव, बाईंचा नंबर. खाली लिहिलेलं: मोठ्याने गाताना थांबवता येत नाही, वर्गात मुलींसमोर दोनदा झालं, आता उभं राहून शिकवायची भीती वाटते.

कुणा पेशंटची चिठ्ठी मावशींनी आयुष्यात वाचली ती ही पहिली.

"हे कुठून आलं?" मावशींनी विचारलं.

"माझ्या एका विद्यार्थिनीची आई वर्गाची वेळ शोधत होती. नेटवर माझा नंबर टाकला, तर हे आलं. तिने फोन केला मला. म्हणाली, 'बाई, काळजी घ्या हं स्वतःची.' इतक्या गोड आवाजात! काल वर्गाला नऊ मुलींपैकी पाच आल्या. त्या पाच जणी माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, मावशी."

मावशींनी चष्मा काढला.

"तुम्ही 'फाडली' म्हणाला होतात. या इथे, दारात उभ्या राहून."

भुई दुभंगावी आणि आपण तिच्यात जावं, असं लोक उगीच म्हणतात असं मावशींना वाटायचं. आता त्यांनी खरोखर फरशीकडे पाहिलं. त्याच फरशीकडे, जी पुसायला त्या पहिल्यांदा इथे आल्या होत्या.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी फोन पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हे झालं कसं?"

आणि तेव्हा मावशींच्या तोंडून निघालं, "मशीनचं काहीतरी बिघडलं असणार. जावयाला विचारते. त्याचंच काहीतरी चुकलंय."

त्या बोलल्या आणि त्याच क्षणी त्यांना आपला आवाज परका वाटला. पण बोलून गेल्या होत्या. गाण्याच्या बाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, फोन पर्समध्ये टाकला आणि जिना उतरून गेल्या. त्यांच्यामागे कुणी काही म्हणालं नाही. म्हणण्यासारखं एकच वाक्य त्या दाराला माहीत होतं.

मावशी तडक जावयाच्या दुकानी गेल्या. तो एका पाटीवर अक्षरं चिकटवत होता.

"चिठ्ठ्या दिसतायत साऱ्या जगाला," मावशी म्हणाल्या. "मी पुसलेल्या!"

जावयाने हातातलं अक्षर खाली ठेवलं आणि कम्प्युटर उघडला. एकेक फोल्डर उघडून पाहिलं. मग मानेवरून हात फिरवत म्हणाला, "आई, तुम्ही मेल पुसलात. ती नुसती नक्कल. फॉर्म भरला की एक प्रत इथे फोल्डरमध्ये पडते. सगळ्यांचीच पडते."

"आणि त्याला कुलूप?"

"नाही. सोफावाल्याचीही तशीच असते. त्याच्या फॉर्ममध्ये काय असतं? तीन सीटचा सोफा, स्प्रिंग गेली. ते कुणी वाचलं तर वाचलं."

"अहो, पण हा दवाखाना!"

"तुम्ही सांगितलंत कुठे? 'फॉर्म हवा' म्हणालात. त्यात लोक काय लिहितात, कोण वाचतं, कधी पुसायचं, एक अक्षर नाही बोललात." त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "माझंही चुकलं. मी विचारायला हवं होतं. पण तुम्हाला विचारायचं म्हणजे... सासूबाई तुम्ही. म्हटलं, न विचारताच करून द्यावं, बरं दिसतं."

म्हणजे तोही लाजला होता. मावशींना त्याचा राग येईना. राग आला असता तर बरं झालं असतं. तो धरून घरापर्यंत तरी जाता आलं असतं.

त्याने त्यांच्यादेखत फोल्डर बंद केलं. किती चिठ्ठ्या होत्या ते मोजून सांगितलं: एकेचाळीस. नेटवर शोधताना इतर ठिकाणी दिसणाऱ्या नकला काढायला अर्ज करावे लागतील आणि त्याला काही दिवस जातील, असंही सांगितलं. मावशी उठल्या. तो दारापर्यंत आला.

"आई, डॉक्टरांना सांगा माझी चूक म्हणून. माझं काय, एक गिऱ्हाईक जाईल. तुमची तिथे इतक्या वर्षांची..."

"ते मी आधीच सांगून आलेय," मावशी म्हणाल्या, आणि मागे न बघता चालू लागल्या.

दवाखान्यात परत आल्या तेव्हा डॉक्टर बाहेरच्या खोलीत, मावशींच्याच खुर्चीत बसल्या होत्या. पुढ्यात कागद, त्यावर पेशंटना पाठवायच्या पत्राचा मजकूर. 'तांत्रिक बिघाडामुळे' इथपर्यंत लिहून झालं होतं.

"तुमच्या जावयाशी मी बोलते," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला अवघड वाटेल. तुम्ही मध्ये पडू नका. त्या कंपनीने निदान उत्तरं नीट दिली असती तर ही वेळच आली नसती."

मावशी खाली वाकल्या. खालचा खण ओढला, पट्ट्यांचा डबा बाजूला केला आणि कागद काढून डॉक्टरांसमोर ठेवला. आठ महिन्यांत त्याच्यावर डब्याची गोल खूण उमटली होती.

डॉक्टरांनी वाचला. पहिल्या प्रश्नाखालची जागा कोरी होती. सतराव्याखालचीही.

"त्यांनी मला विचारलं होतं," मावशी म्हणाल्या. "मी त्यांना काही विचारलंच नाही. ते म्हणत होते, एका जागी पुसलं तरी, आणि मी फोन ठेवला. मला कळत नव्हतं. तीन पेशंट बसले होते समोर. मला कळत नाही हे त्यांना दिसू नये म्हणून ठेवला. तुम्हाला मग उलटंच सांगितलं. आणि आज सकाळी जावयावर ढकललं."

नवव्या प्रश्नावर डॉक्टरांचं बोट थांबलं होतं. चिठ्ठी पुसल्यावर तिच्या प्रती कुठे कुठे उरतील, असा तो प्रश्न होता.

"मला विचारायचं होतंत," शेवटी त्या हळूच म्हणाल्या. "'घ' आणि 'ध' मध्ये तुम्ही दीड महिना गोंधळलात. दिवसातून दहा वेळा विचारायचात. तेव्हा नाही लाजलात?"

"तेव्हा माझ्याकडे काय होतं जाण्यासारखं?" मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांनी डोळे मिटले. ओरडल्या असत्या तर मावशींना चाललं असतं. त्यांनी नुसतं पत्रातलं 'तांत्रिक बिघाडामुळे' खोडलं आणि पेन मावशींकडे सरकवलं.

मावशींनी लिहिलं. त्यांचं अक्षर मोठं, ओळीवर न बसणारं. 'तुमची चिठ्ठी फाडली असं मी तुम्हाला सांगितलं. ती फाडलेली नव्हती. ती जिथे ठेवली ती जागा मी निवडली होती आणि निवडताना विचारायचं ते विचारलं नव्हतं.' खाली डॉक्टरांनी स्वतःच्या नावानिशी लिहिलं, की दवाखान्याची जबाबदारी त्यांची स्वतःची आहे आणि काम मावशींवर टाकून त्यांनी स्वतः एकदाही पाहिलं नाही.

पत्रं गेली. तरी मावशींनी एकेचाळीस फोन स्वतः केले. पाठोपाठ नव्हे, दोन-दोन करून. एका आजोबांनी शिवी घातली. एक बाई रडली, आणि रडता रडता आतल्या कुणाला तरी "काही नाही, राँग नंबर" म्हणाली. एकाने विचारलं, "मग तुम्ही अजून तिथेच काम करता का?" मावशी म्हणाल्या, "हो." त्याने फोन ठेवला. सतरा जण पुन्हा आले नाहीत. गाण्याच्या बाईंनी फोन उचललाच नाही.

मग मावशींनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. या वेळी मुद्दाम खोली भरलेली असताना. चार पेशंट होते.

"कागद पुढ्यात आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सुरू करा. आणि मला यातला एकही शब्द येत नाही, असं धरून चाला."

"चालेल की, मावशी."

"सर्व्हर म्हणजे काय?"

त्याने सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. एन्क्रिप्शनला त्याला तीनदा सांगावं लागलं, तिसऱ्यांदा मावशी म्हणाल्या, "म्हणजे घडी. पण अशी, की किल्ली असल्याशिवाय उलगडत नाही," आणि तो म्हणाला, "अगदी तेच." समोरच्या खुर्चीतला एक माणूस मासिक वाचायचं सोडून ऐकत होता. मावशींचे कान पुन्हा तापले. त्यांनी तापू दिले.

नवव्या प्रश्नाशी त्या थांबल्या. "आता सांगा, मी पुसलं की ते सगळीकडून गेलं?"

"आमच्याकडे मेलमध्ये काही जातच नाही, त्यामुळे ते एक वाचलं. पण बॅकअप म्हणून एक प्रत ठेवतो आम्ही, मशीन बंद पडलं तर असावी म्हणून. कुलपात असते. ती तीस दिवसांनी जाते."

"तीस दिवस फाटतच नाही?"

"नाही. पण खरं सांगू का, हे पेशंटना कुणी सांगत बसत नाही."

"आम्ही सांगणार."

वेबसाइटवरच्या पेटीखाली आता एक ओळ आहे: 'पुसल्यावरही तुमच्या चिठ्ठीची प्रत तीस दिवस कुलपात राहते. ते नको असेल तर इथे येऊन कागदावर लिहा.' डॉक्टर म्हणाल्या होत्या, हे वाचून लोक बिचकतील. बिचकले. वेबसाइटवरून आता महिन्याला दोन-तीनच चिठ्ठ्या येतात आणि लाकडी पेटी पुन्हा भरू लागली आहे.

दोन महिन्यांनी गाण्याच्या बाई आल्या. खोलीत बसलेल्यांकडे त्यांनी पाहिलं नाही आणि मावशींकडेही नाही. टेबलावरचा कागद घेतला, उभ्या उभ्या लिहिलं, घडी केली, पेटीत टाकली. मावशींनी कुलूप उघडलं आणि चिठ्ठी आत नेऊन दिली.

अर्ध्या तासाने बाई बाहेर आल्या. मावशी चिठ्ठी घेऊन दाराशी उभ्या होत्या. सवयीने दोन्ही हात वर गेले, फाडायला.

"थांबा," बाई म्हणाल्या आणि हात पुढे केला. "द्या इकडे."

मावशींनी चिठ्ठी त्यांच्या हातावर ठेवली. बाईंनी ती फाडली. चार तुकडे नाही, आठ, सोळा, बोटांत मावेनासे झाले तोवर. मग सगळे तुकडे पर्समध्ये टाकले, चेन लावली आणि जिना उतरू लागल्या.

मावशी रिकामे हात घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणायचे ते तीन शब्द ओठांपर्यंत आले होते. त्यांनी ते गिळले, आत आल्या आणि पुढच्या माणसापुढे कोरा कागद ठेवला.